७०७५ची पावडर, ४०० वॅटचं मशीन आणि न थांबणारे तडे

चाकणकर_एलपीबीएफ:

४०० वॅट फायबर लेझरचं पावडर-बेड मशीन (धातूची पावडर थराथराने पसरून लेझरने वितळवत भाग घडवणारं, म्हणजेच एलपीबीएफ), बिल्ड प्लेट २०० अंशांपर्यंत तापते. पावडर आर्गॉन-अ‍ॅटमाइज्ड (वितळलेल्या धातूचे वायूच्या झोताने थेंब करून बनवलेली) ७०७५, म्हणजे झिंकवाला मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू, २० ते ६३ मायक्रॉन, रसायन प्रमाणपत्राप्रमाणे: झिंक ५.६%, मॅग्नेशियम २.५%, कॉपर १.६%, क्रोमियम ०.२%.

१० मिमीचे ३६ क्यूब केले. पॉवर ३०० ते ३७०, वेग ८०० ते १८०० मिमी/सेकंद, हॅच (लेझरच्या शेजारच्या रेघांमधलं अंतर) ०.१० ते ०.१९ मिमी, थर ३० मायक्रॉन. ऊर्जा-घनता (पॉवर भागिले वेग, हॅच आणि थर यांचा गुणाकार) ५० पासून १२० जूल/घन मिमीपर्यंत फिरवून पाहिली. आर्किमिडीज पद्धतीने घनता ९९.१% पर्यंत येते, पण कापून पॉलिश केलं की बिल्डच्या दिशेने उभे तडे, एकमेकांपासून १०० ते २०० मायक्रॉनवर. प्लेट २०० अंशांवर ठेवली तरी तेच. याच मशीनवर एएलएसआय१०एमजी (सिलिकॉनवाला ॲल्युमिनियम) अगदी स्वच्छ येतं.

भाग ब्रॅकेटसारखा आहे, भिंती २ ते ४ मिमी, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) किमान ४०० मेगापास्कल हवं. एएलएसआय१०एमजी तिथे पोचत नाही. प्रश्न तीन:

पॅरामीटरने हे तडे थांबतील का? थांबणार नसतील तर पावडरमध्ये काय आणि किती मिसळायचं? आणि हे सगळं सोडून दुसरा मिश्रधातू घेणं शहाणपणाचं आहे का?

---

घनीभवन:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. आणखी ३६ क्यूब केलेत तर आणखी ३६ ठिकाणी तडे मोजाल.

७०७५ साधारण ६३५ अंशांना गोठायला लागतो आणि शेवटचा थेंब गोठतो ४७७ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ १६० अंशांचा पट्टा. एएलएसआय१०एमजीमध्ये हा पट्टा ४० अंशांच्या घरात, शिवाय शेवटी भरपूर युटेक्टिक (सगळ्यात शेवटी, एकदम गोठणारा) द्रव शिल्लक असतो, तो फटीत धावत जाऊन ती भरतो. ७०७५मध्ये शेवटच्या ५ ते १०% द्रवाची नुसती पातळ साय उरते, दोन ग्रेनच्या (धातूच्या स्फटिक-दाण्यांच्या) मध्ये. त्यात लेझरच्या मेल्ट पूलमध्ये (वितळलेल्या डबक्यात) ग्रेन खालच्या थराच्या ग्रेनवरूनच वर वाढतात, त्यामुळे उसाच्या फडासारखे सरळ उभे स्तंभ होतात आणि कित्येक थर ओलांडून जातात. द्रवाची साय या स्तंभांच्या मधल्या सरळ, लांब भिंतींवर पसरलेली. धातू आकसतो, साय ताणली जाते, भरायला द्रव नाही, फाटते. वरचा थर आला की तडा तिथूनच पुढे वाढतो. तुमचे तडे उभे का आणि ठरावीक अंतरावर का, ते यावरून कळतं: ते ग्रेनच्या सीमांवर आहेत.

प्लेट २०० अंशांवर नेल्याने ताण थोडा कमी होतो, पण हा सगळा प्रकार ४७७ अंशांच्या वर घडतो. २०० तिथे काय करणार? उलट १५-२० तासांच्या बिल्डमध्ये खालचे थर २०० अंशांवर शिजून ओव्हरएज होतात, म्हणजे त्यांचं बळ उतरतं.

निदानाची खात्री करायची असेल तर एक क्यूब तड्यावरून मोडा आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) तुटलेला पृष्ठभाग बघा. मक्याच्या कणसासारखे गुळगुळीत, गोलसर दाणे दिसले तर तो घनीभवनाचा तडा, कारण फाटताना तिथे द्रव होता. वितळलेलीच नसलेली पावडर, मोठी वेडीवाकडी पोकळी दिसली तर ते लॅक ऑफ फ्युजन (थर नीट न जुळणं), त्यावर मात्र पॅरामीटरचा उपाय आहे. आणि आर्किमिडीजवर विसंबू नका. तडा १-२ मायक्रॉन रुंद असतो, त्याचं आकारमान नगण्य. ९९.१% घनतेचा तुकडा हाताने मोडू शकतो.

रसायन बदलायचं तर आधी कागदावर बदला. थर्मो-कॅल्क किंवा पँडॅट या सॉफ्टवेअरमध्ये शाइलचं गणित (मिश्रधातू कसा गोठत जातो याचं) चालवा, आडव्या अक्षावर घन अंशाचं (गोठून झालेल्या वाट्याचं) वर्गमूळ, उभ्यावर तापमान. ०.९ ते ०.९९ या शेवटच्या टप्प्यात रेघ जितकी खडी कोसळते तितकी तडकण्याची शक्यता जास्त. २०१५ साली सिंदो कोऊ यांनी मांडलेला हा निकष. आकडा निरपेक्ष मानू नका, पण दहा रचनांची क्रमवारी लावायला पुरेसा आहे. शाइलला ग्रेनचा आकार कळत नाही हेही लक्षात असू द्या. खरा उपाय नेमका तिथे आहे.

---

पावडरपेटी:

वरच्या निदानाशी सहमत. दुसरा प्रश्न घेतो.

उसाचा फड मोडून त्याची खिचडी करायची, म्हणजे बारीक, सर्व बाजूंनी सारखे ग्रेन. मग साय वाकड्यातिकड्या वाटांनी तुटक पसरते आणि ताण हजार ठिकाणी वाटला जातो. त्यासाठी द्रवात असा कण हवा ज्यावर ॲल्युमिनियम सहज बसेल. झिर्कोनियम ॲल्युमिनाइड (एका झिर्कोनियमला तीन ॲल्युमिनियम, घनाकृती एल-१२ रचना) याची जाळी ४.०८ अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची ४.०५. फरक १ टक्क्याच्याही आत. कॅलिफोर्नियातल्या एचआरएल लॅबोरेटरीजने २०१७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं ते हेच: ७०७५च्या कणांवर हायड्रोजनने स्थिर केलेले झिर्कोनियमचे नॅनोकण, १% आकारमानाने, आणि तडे नाहीसे झाले. त्यातून पुढे आलेल्या मिश्रधातूची २०१९ मध्ये ॲल्युमिनियम असोसिएशनकडे ७ए७७ म्हणून नोंद झाली.

तुमच्याकडे दोन वाटा आहेत.

पहिली, कोरडं मिश्रण. झिर्कोनियम हायड्राइडची बारीक पावडर १% आकारमानाने, म्हणजे वजनाने सुमारे २%. ३ किलो ७०७५ला ६० ग्रॅम. टर्ब्युला मिक्सरमध्ये, गोळ्या न टाकता, डबा निम्माच भरून, आर्गॉनखाली. बॉल मिल वापरू नका: गोल कण चेपून पापड होतात आणि रीकोटर (पावडरचा थर पसरणारी पाती) ओरखडे काढतो. मिश्रणाची एक चिमूट एसईएमखाली बघा. मोठ्या कणांवर बारीक कण शिंतोड्यासारखे चिकटलेले हवेत, गठ्ठे नकोत. गठ्ठा असेल तिथे भागात न विरघळलेलं झिर्कोनियम सापडतं आणि फटीगचा (वारंवार ताणाने पडणारा) तडा तिथूनच सुरू होतो. दुसरी गोची रिसायकलची: चाळल्यावर बारीक कण वेगळे पडतात, तिसऱ्या-चौथ्या बिल्डला प्रमाण काय उरलंय ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. झिर्कोनियम हायड्राइड सहज पेट घेतं, स्थिर विजेची ठिणगीही पुरते. अर्थिंग, ग्लोव्ह बॉक्स आणि लहान लॉट, यात तडजोड नाही.

दुसरी, झिर्कोनियम आधीच वितळवून अ‍ॅटमाइज केलेली पावडर. उत्पादनासाठी हीच खरी. पण द्रव ॲल्युमिनियममध्ये झिर्कोनियम विरघळायला तापमान लागतं: ६६१ अंशांना फक्त ०.११% मावतं, १% हवं तर ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं. आणि झिंकचा उत्कलनबिंदू ९०७. अ‍ॅटमायझरवाला "आमची भट्टी ८०० ची" म्हणाला तर नोझलमध्ये झिर्कोनियमचे खडे अडकणार, किंवा ते क्रुसिबलच्या तळाशी बसणार आणि पावडरमध्ये निम्मंच येणार. ऑर्डर देण्याआधी वितळतापमान लेखी विचारा.

अ‍ॅटमायझरचा लॉट महाग असतो, म्हणून आधी ओतीव पट्टीवर लेझर चालवून चाळणी लावा. २ किलोचा वितळ: शुद्ध ॲल्युमिनियम, कॉपरचा मास्टर अलॉय (ॲल्युमिनियममध्ये आधीच मिसळून ठेवलेला) आणि २४० ग्रॅम १०% झिर्कोनियमचा मास्टर अलॉय, म्हणजे झिर्कोनियम १.२%. ७०७५चं भंगार वितळवू नका, त्यातलं झिंक आधीच धुरात जाईल. ९५० अंशांवर अर्धा तास, ढवळत. झिंक आणि मॅग्नेशियम फॉइलमध्ये गुंडाळून अगदी शेवटी बुडवायचं, थोडं जास्तीचं, आणि लगेच तांब्याच्या साच्यात ५ मिमी जाडीची पट्टी. साचा गार आणि जाड हवा. सावकाश गोठलं तर झिर्कोनियमच्या जाड पात्या होतात, रचनाही दुसरी, आणि लेझरच्या एका फेरीत त्या विरघळत नाहीत.

पट्टीला सँड-ब्लास्ट करा, नाहीतर चकचकीत ॲल्युमिनियम १ मायक्रॉन तरंगलांबीचा ९०% हून जास्त प्रकाश परत फेकतं. मग १० बाय १० मिमीचे चौकोन, ३७० वॅट, वेग ८००, १२००, १६००, हॅच ०.१, दुसरी फेरी ९० अंशांत वळवून. कापा, पॉलिश करा, ठरावीक दहा चौकटींत तड्यांची एकूण लांबी मोजा. झिर्कोनियम ०, ०.६, १.२, १.८% अशा चार पट्ट्या पुरतात. दोन दिवसांचं काम, एक लॉट वाचतो.

ग्रेन बघायला केलरचा एचंट (पृष्ठभाग खाऊन ग्रेन उघडे करणारं आम्ल) चालतो: ९५ मिली पाणी, २.५ नायट्रिक, १.५ हायड्रोक्लोरिक, १ हायड्रोफ्लोरिक. शेवटच्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टेबलावर उघडं ठेवलेलं असेल तरच बाटली उघडा.

---

जस्तफूल:

पावडरपेटींनी पद्धत चोख सांगितली आहे, पण मूळ प्रश्नकर्त्याला एक उलट प्रश्न: ड्रॉइंगवर "७०७५" लिहिलंय की "यील्ड ४००"? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

७०७५चं बळ झिंक-मॅग्नेशियमच्या अवक्षेपांतून (धातूत वेगळ्या पडलेल्या अतिबारीक कणांतून) येतं. लेझरखाली पृष्ठभाग उत्कलनाला टेकतो, झिंक ९०७ ला उकळतं, मॅग्नेशियम १०९० ला, ॲल्युमिनियम २४७० च्या आसपास. आधी कोण जाणार ते उघड आहे. तयार क्यूबचं आयसीपी (रसायनाचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. पाचवा हिस्सा झिंक गेलेलं दिसलं तरी आश्चर्य नको, ऊर्जा-घनता वाढवाल तसं जास्त. ते तपासल्याशिवाय "आमचा ७०७५" म्हणूच नये. आणि एक: उडालेलं झिंक-मॅग्नेशियम लेझरच्या काचेवर धुक्यासारखं बसतं, प्लेटच्या दुसऱ्या टोकाला पॉवर कमी पोचते, मग तिथे छिद्रं. दोष पॅरामीटरला दिला जातो.

पुढे हीट ट्रीटमेंट. ४७० ते ४८० अंशांवर सोल्युशन (झिंक-मॅग्नेशियम परत विरघळवणं), काही सेकंदांत पाण्यात (क्वेंच), मग १२० अंशांवर २४ तास (एजिंग). २ मिमी भिंतीचा ब्रॅकेट पाण्यात बुडवला की वाकतो. ठोकून सरळ करण्यात एलपीबीएफची सगळी मजा जाते. शिवाय पावडरमधला ओलावा हायड्रोजन देतो. द्रव ॲल्युमिनियममध्ये तो घनापेक्षा सुमारे वीसपट मावतो, म्हणून गोठताना अडकतो आणि ४७५ अंशांना तीच छिद्रं फुगतात. हिप (उष्णता आणि वायूचा दाब एकत्र) करून मिटवलेली छिद्रंसुद्धा आत वायू असेल तर सोल्युशनमध्ये परत उघडतात.

ड्रॉइंगवर फक्त आकडा असेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम-स्कँडियम-झिर्कोनियम घ्या. एअरबसची उपकंपनी म्हणून सुरू झालेल्या एपीवर्क्सचा स्कॅल्मॅलॉय हा त्यातला प्रसिद्ध: मॅग्नेशियम ४ ते ४.९%, स्कँडियम ०.६ ते ०.८, झिर्कोनियम ०.२ ते ०.४, मॅंगनीज ०.३ ते ०.८. झटपट गोठल्याने स्कँडियम द्रावणात अडकून राहतं, मग थेट ३२५ अंशांवर ४ तास. ना सोल्युशन, ना पाणी. यील्ड ४५०च्या वर जातं. ब्रॅकेट प्लेटवर असतानाच भट्टीत ठेवायचा, ताण उतरतो आणि एजिंगही होतं. वायर कट (तारेने प्लेटवरून कापणं) त्यानंतर.

दुखणी याचीही आहेत. स्कँडियम महाग, फार महाग. आणि ३% हून जास्त मॅग्नेशियम असल्याने भाग दीर्घकाळ ६५ ते १८० अंशांत राहिला तर ग्रेनच्या सीमांवर मॅग्नेशियमचा बीटा फेज बसतो आणि सीमा गंजतात. एएसटीएम जी६७ ही गंज-चाचणी करून बघा: ३० अंशांच्या दाट नायट्रिकमध्ये २४ तास, घट १५ मिग्रॅ/चौ. सेमीच्या आत असेल तर ठीक, २५ च्या वर गेली तर तो भाग गरम जागी लावू नका.

तिसरा पर्याय ए२०एक्स, ॲल्युमिनियम-कॉपर-चांदी आणि टायटॅनियम डायबोराइड. तडे येत नाहीत, गरमीत चांगला टिकतो, पण याला सोल्युशन-क्वेंच लागतोच. तुमच्या भिंतींना नको.

स्वस्तातला एक चौथा: ७०७५मध्ये ४% सिलिकॉन. बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की तडे नाहीसे होतात. होतात खरे, पण सिलिकॉन मॅग्नेशियम पळवतं, झिंकला जोडीदार उरत नाही, आणि बळ ७०७५चं राहत नाही. तडा गेला आणि ७०७५ही गेला.

---

पावडरपेटी:

जस्तफूल, क्वेंचचा मुद्दा मान्य. पॉलिमर-ग्लायकॉल क्वेंच आणि फिक्स्चरने वाकणं कमी होतं, पण २ मिमीला हमी देणार नाही.

एक सावधगिरी वाचणाऱ्यांसाठी: कोणी "दोन्ही घालू, झिर्कोनियमही आणि टायटॅनियम-बोरॉनही" असा विचार करत असेल तर थांबा. झिर्कोनियम टायटॅनियम डायबोराइडच्या कणांचा पृष्ठभाग बिघडवतं आणि ग्रेन बारीक होणं बंद पडतं. ओतकामात ही गोष्ट जुनी आहे, इथे विसरली जाते. एकच निवडा.

---

चाकणकर_एलपीबीएफ:

आभार. उत्तरं: ड्रॉइंगवर मिश्रधातूचं नाव नाही, "यील्ड ०.२% किमान ४००, लांबण ५%" एवढंच. वापराचं तापमान ५० अंशांच्या आत. आयसीपी आला: क्यूबमध्ये झिंक ४.३%, मॅग्नेशियम २.३%. एसईएममध्ये कणीस दिसलं.

तर स्कँडियमवाल्याकडे जातो. एजिंग ३२५/४ तास डोळे झाकून घ्यायचं का? आणि कूपन (चाचणीचे नमुने) प्लेटवर कसे मांडायचे?

---

घनीभवन:

डोळे झाकून नको. तुमची पावडर, तुमचा थर, तुमची भट्टी. १० मिमीचे १९ क्यूब करा. एक तसाच ठेवा. बाकी ३००, ३२५, ३५० अंशांवर ०.५, १, २, ४, ८, १६ तास. विकर्स कडकपणा, प्रत्येकी पाच ठसे. बिल्ड झाल्यावर १०५-११० च्या आसपास, शिखरावर १६० च्या वर यायला हवा. ३५० वर शिखर लवकर येतं आणि उतरणही लवकर. शिखराआधीचं नाही, शिखरावरचं किंवा जरासं पुढचं तापमान-वेळ निवडा म्हणजे भट्टीतल्या ५ अंशांच्या फरकाने बॅच बाद होणार नाही. थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला नको, प्लेटला भोक पाडून आत. १५ किलोची प्लेट तापायलाच तासभर घेते आणि तो तास चार तासांत मोजायचा नसतो.

कडकपणा १३०लाच अडकला तर एजिंगला दोष देण्याआधी पावडरचं स्कँडियम-झिर्कोनियम तपासा. ठिणगीने रसायन मोजणाऱ्या स्पार्क मशीनचा कॅलिब्रेशन वक्र बहुधा या प्रमाणांपर्यंत जात नाही, आयसीपीच हवा, आणि नमुना विरघळवणाऱ्या आम्लात हायड्रोफ्लोरिक नसेल तर झिर्कोनियम कमी दिसतं. लॅबला आधी सांगा. ॲल्युमिनियमचं नेहमीचं काम करणारी लॅब गाठलेली बरी. नागपूरला जेएनएआरडीडीसी हे खास ॲल्युमिनियमचंच केंद्र आहे.

मायक्रोस्कोपखाली मेल्ट पूलच्या कडेला बारीक ग्रेनची पट्टी आणि मधे स्तंभ दिसतील. घाबरू नका, हा या कुळाचा स्वभाव आहे: कडेला तापमान कमी, तिथे स्कँडियम-झिर्कोनियमचे कण टिकतात, मधे तापमान जास्त, ते विरघळतात. बारीक पट्ट्या तुटक झाल्या, स्तंभ थर ओलांडायला लागले, तर वेग जास्त किंवा पूल खूप तापतोय. सुरुवात ३७० वॅट, ठरलेला ३० मायक्रॉन थर, हॅच ०.१०, वेग १००० ते १६०० अशी करा. म्हणजे १२३ ते ७७ जूल/घन मिमी. खाली किल्लीच्या भोकासारखी खोल छिद्रं दिसली तर वेग वाढवा.

टेन्साइलसाठी (ताणून तोडण्याच्या चाचणीसाठी) तीन दिशा: उभे, आडवे, ४५ अंश, प्रत्येकी पाच, एएसटीएम ई८ प्रमाणे मशीन केलेले. उभे कूपन प्लेटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी, म्हणजे वायूचा प्रवाह कुठे कमी पडतो ते कळेल. वायू जिथून बाहेर जातो त्या बाजूचे भाग आधी स्कॅन करा, उडालेले थेंब न वितळवलेल्या पावडरवर पडत नाहीत. मशीन न केलेल्या पृष्ठभागाचा वेगळा संच ठेवा, कारण ब्रॅकेटची निम्मी भिंत तशीच राहणार आहे. टेन्साइलचा आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा, करवतीच्या दातांसारखा आला तर पकड घसरली म्हणून नमुना फेकू नका. मॅग्नेशियमवाल्या ॲल्युमिनियममध्ये तसं होतं. यील्ड आणि तुटण्याचं बळ जवळजवळ असतील, तेही बरोबर.

---

जस्तफूल:

पावडरबद्दल दोन ओळी. उघडलेला डबा वापरण्याआधी व्हॅक्यूममध्ये ८० ते १०० अंश, ४ ते ८ तास. २.५ मिमीच्या हॉल फनेलमधून ॲल्युमिनियम बऱ्याचदा वाहतच नाही, म्हणून पावडर नापास करू नका. ५ मिमीचं कार्नी फनेल लावा आणि खरा निकाल रीकोटरच्या थरावर घ्या. चेंबरमधला ऑक्सिजन ०.१% च्या खाली.

आणि फिल्टर. ७०७५चे ३६ क्यूब केलेत म्हणजे आत झिंक-मॅग्नेशियमची काळी काजळी बसली असणार. पावडरपेक्षा ती किती तरी बारीक आणि पेटायला उतावीळ. मिश्रधातू बदलण्याआधी मशीन पूर्ण साफ करायचंच आहे, तर फिल्टर उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच, हवेशी अचानक संपर्क न येऊ देता काढा. काजळीचा डबा बंद खोलीत ठेवू नका; ओली काजळी हायड्रोजन सोडते, झाकणाला वायू जायला वाट हवी. शेजारी डी-वर्गाचं (धातूच्या आगीसाठीचं) अग्निशामक, नाहीतर कोरड्या वाळूची बादली. पाण्याचा पाइप त्या खोलीतून आधीच काढून टाका, घाईत हात तिकडेच जातो.